जुन्या सायकलची मान

सायकल बिघडली म्हटले की बहुतेकांना पंक्चर आठवते, फार तर निसटलेली चेन आठवते. या दोन्ही बिघाडांत सायकल उभी राहते आणि स्वाराला पायी चालावे लागते, एवढेच. परंतु सायकलला एक दुखणे असे आहे की त्यात ती उभी राहत नाही. चालतच राहते, आणि स्वाराला हळूहळू त्या दुखण्याची सवय होऊन जाते. हँडलखाली कटकट वाजू लागते. ब्रेक दाबला की पुढचा भाग मागेपुढे हलल्यासारखा वाटतो. सरळ रस्त्यावरही सायकल डावीउजवीकडे भटकू लागते. मालक म्हणतो, "जुनी झाली आता." मग ती जिन्याखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या गाडीवर चढते.

वस्तुतः हे म्हातारपण नव्हे. हे सायकलच्या मानेचे दुखणे आहे आणि ते बरे होण्यासारखे आहे. ते कसे ओळखावे, कसे दुरुस्त करावे आणि दुरुस्ती करताना चांगली सायकल कायमची कशी बिघडते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. कला शाखेच्या वार्षिकात पान्ह्या-हातोड्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जी वस्तू आपण रोज वापरतो ती आतून कशी आहे हे जाणून घेण्याला शाखेची अट नसावी.

नाशिककरांना तर हा विषय परका नाहीच. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे पाळीच्या वेळी जाणाऱ्या सायकलींच्या रांगा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेल्या आहेत. पुढे त्या रांगांची जागा मोटारसायकलींनी घेतली. तरीही या गावाचे सायकलशी असलेले नाते तुटले नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा साऱ्या गावाला त्याचा अभिमान वाटला. अशा शर्यतींच्या सायकली महाग, हलक्या आणि निराळ्या बांधणीच्या असतात. या लेखाचा विषय मात्र दुसरी सायकल आहे: दुधाच्या किटल्या वाहणारी, पहाटे वर्तमानपत्रे पोचविणारी, रखवालदाराला रात्रपाळीला नेणारी जुनी काळी सायकल. जुन्या नाशकातल्या टेकडीवरच्या गल्ल्यांतून गोदाकाठाकडे उतरताना हिच्या मानेवर स्वाराचा आणि ओझ्याचा भार येतो. तिथे ती मान ढिली असून चालत नाही.

मान म्हणजे काय?

सायकलच्या सांगाड्याच्या अगदी पुढे एक आखूड, जाड नळी असते. हीच तिची मान. पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेले असते त्या भागाला कोणी फोर्क म्हणतात, कोणी चिमटा म्हणतात. चिमट्याच्या माथ्यातून एक नळी वर निघते आणि मानेच्या नळीतून आरपार जाते. तिच्या वरच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात, आणि आत हँडलचा दांडा उतरतो. हँडल वळविले की चिमटा वळतो, चिमट्याबरोबर चाक वळते.

आता एक नळी दुसऱ्या नळीत नुसती घातली तर ती घासेल, अडेल आणि लवकरच झिजेल. म्हणून मानेच्या वरच्या व खालच्या तोंडाशी छर्ऱ्यांची एकेक माळ बसविलेली असते. या सगळ्या जोडणीला इंग्रजीत हेडसेट म्हणतात. बहुतेक दुकानांत 'बॉल रेसर' म्हटले की दुकानदाराला कळते. खालून वर जाऊ लागलो तर तिचे भाग असे लागतात. चिमट्याच्या माथ्यावर ठोकून बसविलेली एक कडी. तिच्यावर छर्रे. त्यांच्यावर मानेच्या खालच्या तोंडात दाबून बसविलेली वाटी. मग मानेची नळी. तिच्या वरच्या तोंडात दुसरी वाटी. पुन्हा छर्रे. त्यांच्यावर आतून आटे असलेली, हाताने फिरवून खाली येणारी टोपी. टोपीवर खाचेचा वायसर, पुष्कळ जुन्या सायकलींत दिव्याचा ब्रॅकेट, आणि सर्वांत वर चेकनट. काही सायकलींत वाटी आणि कडी यांची अदलाबदल असते, परंतु तत्त्व एकच.

या यादीतले शब्द पाहावेत. वाटी, कडी, माळ, टोपी, चिमटा, आटे! इंग्लंडातून आलेल्या यंत्राला घरातले शब्द किती सहज मिळाले आहेत.

हँडल नेमके काय करते?

हँडल फक्त वळण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. खरे पाहता सरळ जाण्यासाठीही हँडल सतत वळावे लागते. सायकल डावीकडे कलू लागली की चाक किंचित डावीकडे वळते, चाकाचा टेकू कलत्या बाजूला सरकतो आणि सायकल पुन्हा सावरते. हे क्षणाक्षणाला चालू असते. इतके बारीक, की स्वाराला त्याची जाणीवही नसते.

यातले काही काम सायकल स्वतःच करते. मानेची नळी उभी नसते, मागे कललेली असते. तिची रेषा सरळ खाली वाढविली तर ती चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला भेटते. त्यामुळे चहाच्या ट्रॉलीची चाके जशी ओढली जाताना आपोआप मागे येऊन सरळ होतात, तसे सायकलचे चाकही सरळ होऊ पाहते. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने चालविताच येणार नाही अशी सायकल मुद्दाम बनविण्याचा खटाटोप केला आणि या मागे राहिलेल्या अंतराचे महत्त्व दाखवून दिले. २०११ मध्ये संशोधकांच्या एका गटाने 'सायन्स' या नियतकालिकात याच्याही पुढची गोष्ट मांडली. हे अंतर नसलेली आणि चाकाच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याचा परिणामही काढून टाकलेली प्रायोगिक सायकल त्यांनी बनविली, आणि तीही स्वाराविना स्वतःला सावरू शकली. सायकल सावरण्याला एकच एक कारण नाही. वजनाची वाटणीही त्यात येते. परंतु कोणतेही कारण धरले तरी एक गोष्ट अटळ आहे: पुढचे चाक मोकळेपणाने वळले पाहिजे.

मानेच्या दुखण्याचे मर्म इथे आहे. मान ढिली असेल तर चाक आपल्या मनाने हलते. मान आवळलेली असेल तर चाकाला जे सूक्ष्म वळण घ्यायचे असते ते घेता येत नाही. मग स्वार ते जोर लावून घेतो, आणि जोराने घेतलेले वळण नेहमी गरजेपेक्षा जास्त होते. दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाणारी सायकल पुष्कळदा ढिली नसते, आवळलेली असते. हे माहीत नसल्यामुळे माणसे चेकनट आणखी आवळतात आणि दुखणे वाढवितात.

परीक्षा

सायकल खोलण्यापूर्वी तीन परीक्षा कराव्यात. त्यांना कसलेही हत्यार लागत नाही.

पहिली: पुढचा ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्या हाताची बोटे मानेच्या खालच्या सांध्यावर अशी ठेवावीत की अर्धे बोट वाटीवर आणि अर्धे चिमट्यावर येईल, आणि सायकल मागेपुढे ढकलावी. सांध्यात टकटक लागली तर मान ढिली आहे. नुसत्या आवाजावर जाऊ नये, कारण जुन्या रॉड ब्रेकचे सांधेही वाजतात. बोटांना जे कळते ते खरे.

दुसरी: पुढचे चाक उचलून सायकल थोडी एका बाजूस कलती करावी. चाक आपल्या वजनाने त्या बाजूला पडले पाहिजे. मध्येच थांबले तर मान आवळलेली आहे किंवा आतले ग्रीस वाळून गेले आहे.

तिसरी: चाक उचललेलेच ठेवून हँडल दोन बोटांनी अगदी हळू मधल्या स्थितीतून न्यावे. नेमके सरळ असताना ते खाचेत पडल्यासारखे अडले, तर वाट्यांत खळगे पडलेले आहेत. हे खळगे खड्ड्यांच्या हादऱ्यांनी ठोकले जातात असे लोक समजतात. पण त्यामागे मुख्यतः दुसरी क्रिया असते. सरळ रस्त्यावर हँडल फारसे वळत नाही, छर्रे त्याच जागी थरथरत राहतात, त्यांच्याखालचे ग्रीस बाजूला सारले जाते आणि कोरडा धातू धातूवर घासून हळूहळू उकरला जातो. म्हणजे ज्याला ग्रीस वेळेवर मिळाले त्याची वाटी वर्षानुवर्षे टिकते.

मान उघडताना

हँडलच्या दांड्याच्या माथ्यावरचा बोल्ट पूर्ण काढू नये. चारपाच फेरे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवावा आणि हातोड्याचा एक ठोका द्यावा. आतली पाचर सुटते आणि दांडा वर निघतो. वर्षानुवर्षे न काढलेला दांडा गंजून धरलेला असतो. तिथे जोर करण्याऐवजी कडेने तेल सोडावे आणि एक रात्र थांबावे. ब्रेकचे रॉड आधी सोडवावेत.

चेकनट काढण्यापूर्वी खाली जुने धोतर नाही तर चादर पसरावी. टोपी निघाली की चिमटा खाली सरकतो आणि छर्रे चारी दिशांना पळतात. वरचे छर्रे वेगळे, खालचे वेगळे ठेवून मोजावेत आणि आकडा लिहून ठेवावा. सर्वसाधारणपणे त्यांचा आकार इंचाच्या बत्तीस भागांपैकी पाच, म्हणजे चार मिलिमीटरच्या किंचित आत असतो. परंतु दुकानात एक जुना छर्रा नमुन्याला न्यावा, म्हणजे वाद राहत नाही. मग सगळे भाग रॉकेलने धुऊन उजेडात पाहावेत. वाटीत चकाकणारी गुळगुळीत रेघ दिसली तर ती चांगली खूण आहे. नखाला खळगा लागला तर वाटी बदलावी. गाव लांब असेल, नवी वाटी मिळत नसेल, तर कडी चिमट्यावर थोडी फिरवून बसविल्याने खळगे समोरासमोर येत नाहीत आणि काही महिने निभावते. हा उपाय निभावण्यापुरताच आहे, हे मात्र विसरू नये.

चिमटाही आताच तपासावा. बाजूने पाहिले असता चिमट्याची वरची नळी आणि पायांचा वरचा भाग एका रेषेत दिसला पाहिजे. पाय पुढे वळतात ते फक्त खाली. समोरून धडक बसलेला चिमटा माथ्याखालीच मागे दबलेला असतो. चाक सांगाड्याच्या जवळ आलेले असते आणि वळताना पाय मडगार्डला लागतो. माथ्याजवळ रंगाला सुरकुत्या पडल्या असतील किंवा केसासारखी भेग दिसली तर तो चिमटा पुन्हा घालू नये. तापवून सरळ केलेल्या वा वेल्डिंग केलेल्या चिमट्यावर विश्वास ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. मागचा भाग मोडला तर माणूस खाली बसतो. चिमटा मोडला तर तो तोंडावर पडतो.

आट्यांचे भांडण

चिमटा किंवा बॉल रेसर बदलायचा ठरला की खरा धोका सुरू होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

चिमट्याच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुतेक जुन्या सायकलींत एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असतो. त्यामुळे कोणतीही टोपी कोणत्याही नळीवर बसेल असे वाटते. परंतु आटे सगळ्यांचे सारखे नाहीत. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम शहरातल्या रॅले कंपनीच्या सायकलींना एका इंचात २६ आटे असत. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले ते एका इंचात २४ आट्यांचे. जुन्या फ्रेंच सायकलींचा हिशेब तिसराच, मिलिमीटरमधला.

चोवीस आणि सव्वीस यांत फरक तो केवढा? २४ आटे असतील तर दोन आट्यांमधले अंतर १.०६ मिलिमीटर पडते. २६ असतील तर ०.९८. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणून चुकीची टोपी पहिला फेरा निमूटपणे घेते. दुसऱ्या फेऱ्याला फरक दुप्पट होतो, तिसऱ्याला तिप्पट, आणि ती अडते. अशा वेळी घाईतला माणूस समजतो की गंज आहे किंवा रंग आहे, आणि लांब पान्हा लावतो. टोपी वर जाते खरी, पण नळीचे आटे कापत जाते. आटे गेलेल्या नळीवर मग बरोबर मापाची टोपीही धरत नाही. एका मिनिटाच्या जोरापायी चांगला चिमटा भंगारात जातो.

आपल्याकडे हा प्रश्न विशेष आहे, कारण आपल्या काळ्या सायकलींचे घराणे इंग्रजी. रॅलेनेच सेन यांच्या भागीदारीत आसनसोलला सायकली काढल्या. मद्रासेत टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली, सोनीपतला अॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये. यांतल्या काही नावांच्या सायकली आजही निघतात, काहींचे कारखाने थांबले. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला. सायकल मात्र कारखान्यापेक्षा जास्त जगते. आज जिन्याखालच्या सायकलीला जो चिमटा मिळेल तो तिच्या कारखान्याचा नसणार, हे ओघाने आलेच. म्हणून नावावर भरवसा न ठेवता माप घ्यावे.

माप घेणे अवघड नाही. मिस्त्रीकडे आटे मोजण्याची दातेरी पट्टी असते. ती नसेल तर जुनी टोपी बरोबर न्यावी आणि नव्या चिमट्यावर हाताने फिरवून पाहावी. ती शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी गेली पाहिजे. नियम एकच: आट्यांवर पान्हा शेवटी लागतो, आधी नाही. बोटांनी जे जात नाही ते पान्ह्याने घालू नये.

आट्यांशिवाय आणखी तीन मापे पाहावीत. पहिले कडीचे. चिमट्यावर कडी जिथे घट्ट बसते त्या जागेचा व्यास एका प्रमाणात २६.४ मिलिमीटर, तर जपानी पद्धतीत २७ मिलिमीटर असतो. अर्ध्या मिलिमीटरने लहान कडी ठोकून बसत नाही, फुटते. मोठी कडी हातानेच बसते आणि कायम हलत राहते. दुसरे वाटीचे. तीही मानेत दाबूनच बसली पाहिजे, हाताने नव्हे. तिसरे नळीच्या लांबीचे. समजा मानेची नळी १५० मिलिमीटर आहे आणि वाट्या, छर्रे, टोपी, वायसर, दिव्याचा ब्रॅकेट व चेकनट मिळून ३८ मिलिमीटर उंची होते. बेरीज १८८. तर चिमट्याची नळी १८६ किंवा १८७ मिलिमीटर असावी. जास्त लांब असली तर चेकनटाची टोपी नळीच्या टोकाला टेकते; नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण त्याने खालचे काहीच दाबलेले नसते. पुष्कळ सायकलींची मान पुन्हा पुन्हा ढिली होते ती यामुळे. कोणीतरी दिव्याचा मोडका ब्रॅकेट काढून टाकलेला असतो आणि त्याच्या जाडीचा वायसर घालायला विसरलेला असतो. दिवा नसला तरी त्याची जागा भरावी लागते.

नळी कापायचीच असेल तर आधी तिच्यावर एक नट कापण्याच्या जागेखाली चढवावा, मग कापावी, कड कानशीने घासावी आणि नट बाहेर काढावा. निघताना तो कापलेले आटे साफ करतो.

जोडणी

जुन्या वाट्या काढताना मानेच्या दुसऱ्या टोकाने लोखंडी कांब घालावी आणि वाटीच्या कडेवर आलटून पालटून, एकदा इकडे एकदा तिकडे, हलके ठोके द्यावेत. नव्या वाट्या बसविताना हातोड्यापेक्षा चांगला उपाय आहे. आट्यांची लांब कांब, दोन जाड रुंद वायसर आणि दोन नट घ्यावेत. कांब मानेतून आरपार घालून दोन्ही टोकांना वायसर व नट लावावेत आणि नट आवळत जावे. वाटी सरळ आत जाते. एका वेळी एकच वाटी बसवावी आणि ती तिरपी जात नाही ना, हे पाहत राहावे. वाटीची कड आणि मान यांत कागद जाण्याइतकीही फट उरता कामा नये. कडी बसविण्यासाठी चिमट्याच्या नळीवरून सरकेल असा पाइपचा तुकडा पुरतो. त्याचे तोंड सपाट हवे.

मग वाट्यांत सढळ हाताने ग्रीस भरावे आणि त्यात छर्रे लावावेत. ग्रीस त्यांना पकडून ठेवते. किती लावावेत याचा सोपा नियम असा की वर्तुळ पूर्ण भरावे आणि एक छर्रा काढून घ्यावा. गच्च भरलेले छर्रे एकमेकांना घासतात. फार कमी असले तर भार थोड्यांवर पडतो. छर्रे पिंजऱ्यात बसविलेले असतील तर पिंजऱ्याचा पत्रा कडीला किंवा वाटीला टेकत नाही अशा बाजूनेच ठेवावा. उलटा ठेवलेला पिंजरा पहिल्याच वळणाला खरखर करून सांगतो.

आता चिमटा सावकाश वर सरकवावा, एका हाताने धरून ठेवावा आणि टोपी लावावी. लावताना ती प्रथम उलटी फिरवावी. आटा आट्यात पडल्याचा बारीक टक्का लागतो. तिथून सुलटी फिरवावी. मग खाचेचा वायसर, दिव्याचा ब्रॅकेट आणि चेकनट. हँडलचा दांडा घालताना त्याच्यावरची मर्यादेची खूण आत गेली पाहिजे आणि त्याची पाचर नळीच्या आटे नसलेल्या भागात आली पाहिजे. आटे पाडलेली नळी तिथे पातळ झालेली असते. पाचर त्याच जागी फुगली तर कालांतराने नळीला भेग जाते.

ना सैल, ना घट्ट

शेवटचे काम सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण. टोपी बोटांनी खाली आणावी, छर्ऱ्यांना टेकली की थांबावे आणि अगदी थोडी, घड्याळाच्या पाचएक मिनिटांइतकी, मागे घ्यावी. मुद्दाम सैल का ठेवायची? कारण आट्यांमध्ये नेहमी थोडी मोकळीक असते. चेकनट आवळला की तो टोपीला त्या मोकळिकीइतका खाली दाबतो. आधीच नेमकी बसविलेली टोपी चेकनट आवळल्यावर घट्ट होते. म्हणून एका पान्ह्याने टोपी धरावी, दुसऱ्याने चेकनट आवळावा आणि सुरुवातीच्या तिन्ही परीक्षा पुन्हा कराव्यात. टकटक लागली तर टोपी किंचित खाली. चाक अडले तर किंचित वर. पहिल्याच खेपेला जमेल असे समजू नये. अनुभवी मिस्त्रीही दोनतीनदा सोडून आवळतो, फक्त त्याचे हात इतके सहज चालतात की आपल्याला ते कळत नाही. चारपाच दिवस सायकल चालल्यावर नव्या वाट्या आपल्या जागी आणखी बसतात. तेव्हा पुन्हा एकदा पाहावे. त्यानंतर वर्षाकाठी पावसाळा संपल्यावर मान उघडून ग्रीस बदलले तर बॉल रेसर लवकर बदलण्याची वेळ येत नाही.

१९९० नंतरच्या दशकात महागड्या सायकलींतून ही आट्यांची पद्धत मागे पडली. बिनआट्यांच्या नळीवर हँडल बाहेरून आवळण्याची पद्धत आली. ती हलकी आहे आणि तिला मोठे पान्हे लागत नाहीत. तरीही दूधवाल्याच्या सायकलीला त्यामुळे काही फरक पडलेला नाही. तिची मान आट्यांचीच आहे, आणि आट्यांची मान जाणणारे हात गावात कमी होत चालले आहेत, ही खरी अडचण आहे. नवी सायकल विकणारे दुकान मोठ्या रस्त्यावर सहज सापडते. सव्वीसचे आटे बोटाने ओळखणारा मिस्त्री शोधावा लागतो. असा मिस्त्री आपल्या भागात असेल तर त्याच्याकडे तासभर उभे राहावे. त्याचे ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नसते.

मराठी माणसाने या ज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाली. नांगर आणि यंत्रे पुढे आली. १९२० मध्ये त्याच उद्योगातून निघालेले नियतकालिक 'किर्लोस्कर' या नावाने मराठी वाचकांच्या घरोघर गेले. सायकलचे दुकान आणि साहित्य यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही.

तेव्हा जिन्याखाली सायकल असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तिच्या तीन परीक्षा घ्याव्यात. चिमट्याला भेग असेल तर तो बिनतक्रार टाकून द्यावा. भेग नसेल आणि दोष फक्त छर्ऱ्यांचा व वाट्यांचा असेल, तर एक रविवार, थोडे रॉकेल, थोडे ग्रीस आणि मापाचा बॉल रेसर एवढ्यावर ती पुन्हा रस्त्यावर येईल. फक्त आट्यांवर जोर करू नये.